तिसऱ्या कप्प्याची तब्येत

१

सकाळी चहाचं पाणी गॅसवर ठेवलं की ते उकळेपर्यंत मी फोनवर डब्याची तब्येत बघतो. डबा म्हणजे बोळातल्या कपाटात बसवलेली काळी पेटी. तिला चार कप्पे, चार कप्प्यांत चार हार्ड डिस्क. घरातल्या फोनांतलं आणि कॉम्प्युटरांतलं जे काही जपून ठेवायचं, ते वायफायवरून तिच्यात जाऊन पडतं. दुकानवाले तिला नॅस म्हणतात, आमच्याकडे डबाच. बायको घरी बोलकी पुस्तकं रेकॉर्ड करते, तिचं सगळं काम त्यात आहे. आमच्या खारूचे पाळण्यातल्यापासूनचे फोटो त्यात आहेत. पोरीचं नाव वेगळं आहे, पण सापडेल ती वस्तू कोनाकोपऱ्यात दडवून ठेवायच्या सवयीमुळे तिला सगळे खारूच म्हणतात.

तब्येत बघायची खोड धंद्यामुळे लागली. कारखान्यांत, दवाखान्यांत मोजायची जी यंत्रं असतात, ती खरं सांगतात की थापा मारतात ते मी तपासतो. माणसावर मी चटकन विश्वास ठेवतो, आकड्यावर नाही. बायको म्हणते, तुला ताप आला तर तू आधी थर्मामीटरला औषध देशील.

त्या सकाळी तिसऱ्या डिस्कपुढे पिवळी खूण होती. ‘लक्ष द्या.’ तिच्यावरचे बॅड सेक्टर, म्हणजे निकामी झालेल्या जागा, रातोरात वाढल्या होत्या. यात नवल काही नव्हतं, डिस्कही म्हातारी होते. मी एक नवी डिस्क मागवून टाकली आणि कामाला गेलो. संध्याकाळी घरी येऊन पाहतो तर खूण हिरवी झालेली आणि निकामी जागा जवळजवळ निम्म्यावर आलेल्या.

“बरा झाला का तुझा डबा?” बायकोने विचारलं.

“डिस्क बरी होत नसते. गेलेली जागा गेलीच. तो आकडा एक तर थांबतो नाही तर वाढतो, उतरत नाही.”

“उतरला ना पण? मग चिडतोस कशाला? चांगलीच बातमी आहे की.”

“खोटी बातमी आहे,” मी म्हणालो.

कपाटाच्या मागच्या खोलीतून खोकल्याची उबळ ऐकू आली आणि पाठोपाठ अप्पांचा आवाज. अप्पा माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. जन्म छापखान्यात गेला, फुप्फुसंही तिथेच गेली, पण थट्टा शाबूत आहे.

“काय जावईबापू, डबा रुसला का?”

२

मी रीतसर सुरुवात केली. केबल बदलली. वीज कमीजास्त होते का ते पाहिलं. पंख्यातली धूळ काढली, डब्याचं सॉफ्टवेअर नवं केलं. तिसरी डिस्क काही दाद देईना. सकाळी पिवळी, दुपारनंतर हिरवी. कधी दोन-दोन दिवस हिरवी राहायची आणि मला वाटायचं, चला, मिटलं. मग पुन्हा पिवळी.

यंत्र चुकतं तेव्हा त्याची एक रीत असते. जो काटा जास्त दाखवतो तो रोज तेवढंच जास्त दाखवतो. ही डिस्क मात्र मन मानेल तशी वागत होती, आणि असलं यंत्र मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मी बोळात स्टूल टाकून कपाटाला कान लावून बसलो. डिस्क फिरतात तेव्हा बारीक घरघर होते, मधूनच वाचणारी सुई हलते आणि टक् टक् करते. तिसरीची टकटक अडखळत होती. दोनदा टक्, मग लांब थांबा, मग एकदम घाईघाईने चार-पाचदा. भिंतीपलीकडे अप्पा खोकत होते. दोनदा खोकायचे, मग लांब थांबा.

“आज अप्पांची छाती फारच भरलीय,” बायको त्यांचा वाफारा घेऊन जाताना म्हणाली. “सकाळी असंच असतं. दुपारी जरा मोकळी होते बघ.”

मी स्टुलावरून उठलो. जुन्या घरात भिंती पातळ असतात, एकीकडचा आवाज दुसरीकडे येतोच, असं मी स्वतःला सांगितलं. आमचं घर जुनं नाही.

३

नवी डिस्क आली होती, पण दोष नक्की कुठे आहे ते कळल्याशिवाय मी काही बदलत नाही. तिसरी डिस्क काढून बाजारात ‘डॉक्टर’कडे नेली. डिस्क दुरुस्त करणारा हा गडी स्वतःला डॉक्टर म्हणवतो आणि दुकानात पांढरा कोट घालून बसतो. काम करताना शिट्टीवर गाणी वाजवतो, आणि एकही सूर जागेवर लागत नाही. त्याने डिस्क यंत्राला लावली, तासभर शिट्ट्या मारल्या आणि म्हणाला, “ठणठणीत आहे साहेब! एक डाग नाही. तुमचा डबा खोटं बोलतोय.”

“मग आता?”

“तिसरी चौथ्यात घाला, चौथी तिसऱ्यात. दोष डिस्कबरोबर गेला तर डिस्क वाईट, जागच्या जागी राहिला तर कप्पा. आता हे मी तुम्हाला शिकवू?” मग हसून म्हणाला, “आणि घाबरता कशाला? चौघींतली एक गेली तरी बाकीच्या तिघी मिळून तिला नव्या डिस्कवर पुन्हा उभी करतात. तेवढ्यासाठीच तर हा डबा घेतात लोक. फक्त उभी करताना तिघींचा जीव निघतो. त्यात आणखी एकीने मान टाकली की बसा बोंबलत.”

घरी आलो तर बायको दारातच उभी होती.

“कुठे होतास? अप्पा दुपारभर नुसते बसलेत. डोळे उघडे आहेत, पण हाक मारली तर ओ देत नाहीत. मध्ये तासभर ओठ हलत होते, तेही थांबलं. मी डॉक्टरांना फोन लावणार होते.”

मी बूट न काढता तसाच कपाटाकडे गेलो आणि डिस्क कप्प्यात सरकवली. का कोण जाणे, पण आधी अप्पांना बघायला जावंसं वाटलं नाही. कप्प्याचा दिवा लागला. भिंतीपलीकडून आवाज आला, “बाळ्या, पाणी दे गं.” बाळ्या म्हणजे माझी बायको. या जगात तिला बाळ्या म्हणणारं एकच माणूस आहे.

मी दाराशी गेलो. अप्पा पाणी पिऊन तोंड पुसत होते.

“काय हो जावईबापू,” ते म्हणाले, “तो शिट्ट्या मारणारा कोण होता? डोकं उठवलं लेकाच्याने.”

४

म्हातारपणी स्वप्न आणि जाग यांची सरमिसळ होते. शिट्टी रस्त्यावरून कोणाचीही ऐकू येते. मी ही कारणं नीट मांडून ठेवली आणि अदलाबदल करायला बसलो, कारण अदलाबदल केल्याने आजवर कोणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नव्हतं.

दोन डिस्क एकदम काढायच्या तर डबा बंद करावा लागतो. मी बटण दाबलं. दिवे विझले. तिसरी काढली, चौथी काढली, जागा बदलून दोन्ही बसवल्या आणि बटण दाबलं. माझ्या हिशेबाने एवढाच वेळ लागला. पण डबा चालू झाला तेव्हा बोळातलं ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं होतं आणि माझे गुडघे आखडले होते. करपल्याचा वास येत होता. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं होतं आणि बायको त्याच्यासमोर हातात चमचा धरून उभी होती.

“अगं, दूध!”

“अगंबाई!” ती दचकली. “आत्ता तर ठेवलं होतं.”

फोनवर पाहिलं. पिवळी खूण आता चौथ्या कप्प्यापुढे होती. म्हणजे दोष डिस्कबरोबर गेला. डिस्क वाईट, कप्पा बरा. इतक्या दिवसांनी एक सरळ उत्तर मिळालं म्हणून मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खारू स्वयंपाकघरात आली ती भिंतीला धरून. खुर्चीत बसताना दोन्ही हात टेबलावर टेकले, श्वास घेतला, मग बसली. आठ वर्षांची पोर. दोनदा खोकली आणि आईकडे बघून म्हणाली, “बाळ्या, अर्धा कप चहा कर गं. साखर नको.”

बायको खळखळून हसली. “आजोबांची नक्कल करतेस होय गं? थांब, सांगते त्यांना.”

ती अप्पांच्या खोलीत गेली आणि तिचं हसणं थांबलं. मी मागोमाग गेलो. अप्पा जमिनीवर मांडी घालून बसले होते. गेली कित्येक वर्षं त्यांना जमिनीवर बसता आलेलं नाही. समोर खारूने दडवून जमवलेली बटणं पसरली होती आणि ते रंगांप्रमाणे त्यांच्या रांगा लावत होते. आम्हाला बघून त्यांनी पटकन एक निळं बटण मुठीत लपवलं.

“बाबा,” ते मला म्हणाले, “आईला सांगू नकोस हं.”

मी धावत बोळात आलो. डबा बंद केला, डिस्क होत्या तशा लावल्या, चालू केला. शुद्धीवर आलो तेव्हा ऊन पुन्हा सरकलेलं होतं. खारू टेबलाशी कुरकुरत होती की हा कसला कडू चहा आणि कोणी दिला. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

 बायको बोळात उभी राहून कपाटाकडे बघत राहिली.

५

त्यानंतर मी डब्याला हात लावला नाही. बंद करण्याचा तर विचारही नको वाटायचा. बंद केला आणि काही कारणाने चालू करायला कोणी उरलं नाही तर, हे मनात यायचं. आणि तरी ऑफिसात बसलो की वाटायचं, हे सगळं खुळचटपणाचं आहे, घरी गेल्यावर बायकोला सांगून हसू. घरी गेलो की हसायचं राहून जायचं.

तिसऱ्या डिस्कची खूण हिरवी व्हायची थांबली. मग एके दिवशी लाल झाली. ‘बदला.’ अप्पांनी अंथरूण धरलं. या वेळी खरे डॉक्टर येऊन गेले. बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाले, वय झालंय, त्रास होणार नाही एवढं बघा.

बायको माझ्यासमोर येऊन बसली. “नवी डिस्क आहे ना घरात?”

“आहे.”

“घाल मग.”

मी तिच्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं, बहुतेक माझ्याही आधी.

“तिला उभं करायला बाकीच्या तिघींना राबावं लागतं,” मी म्हणालो. “तिघी म्हणजे कोण ते कळतंय ना तुला? तू, मी आणि खारू. त्यात एखादी डिस्क गेली तर?”

“एक दिवसाचं काम आहे, तूच म्हणाला होतास.”

“खारू आठ वर्षांची आहे.”

“तिची तर सगळ्यांत नवी आहे, काही होणार नाही तिला.” मग तिने माझं मनगट धरलं. “अरे, माझे वडील आहेत ते. मोडलेला काटासुद्धा तू फेकून देत नाहीस, आणि त्यांना असंच जाऊ देणार?”

मी नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. इतक्यात डबा वाजायला लागला, एकसुरी, न थांबता. तिसऱ्या कप्प्याचा दिवा विझला होता. बायको उठून अप्पांच्या खोलीत गेली आणि तिने मारलेली हाक ऐकून मला राहवलं नाही. खोकं फाडून डिस्क काढली आणि माझ्याच हाताने आत सरकवली. बायकोवरच्या प्रेमापोटी केलं म्हणा किंवा भीतीपोटी, मला स्वतःलाच ते सांगता येत नाही.

६

पडद्यावर आलं, ‘पुनर्बांधणी सुरू आहे.’ खाली टक्के. ते फार सावकाश चढत होते.

डब्यातून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिन्ही डिस्कची टकटक एकात एक मिसळून बोळभर कुरतडल्यासारखं होत होतं. थोड्या वेळाने माझे हात गार पडले. बायको अप्पांजवळ बसून काहीतरी बोलत होती, पण वाक्यं अर्ध्यावर सोडत होती. जन्मभर न अडखळता वाचणारी बाई, तिला ‘उशी’ हा शब्द आठवेना.

खारू सोफ्यावर आडवी झाली होती. कपाळ चटका बसेल इतकं तापलं होतं. फोनवर पाहिलं तर चौथ्यापुढे पिवळी खूण.

“बाबा,” ती म्हणाली, “माझ्यातलं कोणीतरी घेतंय.”

मी कपाटाकडे धावलो. तिसऱ्या कप्प्याच्या कडीवर बोट ठेवलं. ओढली की संपलं, पुनर्बांधणी थांबली असती. बायको दारात आली. तिने मला अडवलं नाही. भिंतीला टेकून फक्त एवढंच म्हणाली, “ओढलीस तर यापुढे मी तुझ्याकडे कशी बघू, ते सांग.”

त्याच क्षणी भिंतीपलीकडून खोकल्याची उबळ आली आणि पाठोपाठ आवाज. “काय जावईबापू, डबा रुसला का?”

माझं बोट कडीवरून निसटलं. बायको रडत रडत आत धावली. टक्के चढत राहिले. चौथी पिवळीच राहिली, लाल झाली नाही. दुपार कलली तेव्हा डबा शांत झाला आणि चारी दिवे हिरवे लागले. खारूचा ताप उतरला होता. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

अप्पा पलंगाच्या काठावर ताठ बसले होते. छाती मोकळी, चेहरा तुकतुकीत. बायकोने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता. मला आनंद झाला, खरंच झाला. पण तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी म्हणालो, “अप्पा, छापखान्यात तुमच्या शेजारी कोण उभं राहायचं हो? त्याचं नाव तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

अप्पांनी तोंड उघडलं. आठवायला लागलं की माणसाचे डोळे कुठेतरी जातात, त्यांचे कुठेच गेले नाहीत. ते माझ्याकडे बघत तोंड उघडं ठेवून बसून राहिले, आमच्यापैकी कोणीतरी ते नाव सांगेल म्हणून थांबल्यासारखे.

“दमलेत रे,” बायको म्हणाली. “नको त्या चौकशा कशाला?”

७

आता डब्याची तब्येत उत्तम आहे. चौघींवर एकही निकामी जागा नाही. चौघींचं तापमान सारखं, शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं, सकाळ-संध्याकाळ तेच. एकाच खोलीत ठेवलेली दोन यंत्रंसुद्धा कधी इतकी तंतोतंत जुळत नाहीत. असं दिसलं की मी अहवालात लिहितो, ही यंत्रं स्वतः मोजत नाहीत, एकमेकांचं बघून सांगतात.

घरात भांडण नाही. अप्पा खोकत नाहीत. जेवताना कोणी मीठ मागत नाही, ज्याला हवं त्याच्याकडे ते आधीच पोचलेलं असतं. काल खारूने आपलं ताट स्वतःहून उचलून ठेवलं आणि बायको कौतुकाने हसली. अप्पा हसले. मीही हसलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की खारूसुद्धा हसतेय, आमच्याबरोबरच, आमच्याइतकंच.

मी तिला जवळ घेतलं. “खारू, तुझ्या सगळ्यांत गुप्त जागेत काय लपवलंयस गं? मला नको दाखवू. नुसतं सांग, आहे ना काहीतरी?”

तिने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघत थांबली.

“सांग ना, बेटा. आम्हाला कुणाला माहीत नाही असं काहीतरी.”

ती थांबली होती. पोरीच्या डोळ्यांत भीतीसुद्धा नव्हती. मी तिचे खांदे धरून हलवले, बायकोवर ओरडलो, “बघ! बघ काय करून ठेवलं आपण! हिच्यात हिचं काही उरलेलं नाही!”

बायको शांतपणे बघत होती. अप्पाही बघत होते.

“आणि तुझं?” तिने विचारलं. “तू मला कधी सांगितलं नाहीस असं एक तरी सांग.”

असं माझं पुष्कळ होतं. प्रत्येक माणसाचं असतं. मी सांगायला तोंड उघडलं.

तिघं माझ्याकडे बघत होती. मी तिघांकडे आळीपाळीने बघत राहिलो, कोण सांगतंय म्हणून.